मोठा चोणक पाण्यात का सोडायचा?

मे महिना संपत आला की आमच्या गरवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कुणीतरी मांडवीच्या नाहीतर शापोराच्या काठावर उभा असतो, दोन्ही हातांत मावत नाही असा चोणक त्याने छातीशी धरलेला असतो आणि खाली वजन लिहिलेलं असतं: १२ किलो, १४ किलो. मग अंगठे, टाळ्या, 'पार्टी कधी?' असे मेसेज. मीही आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून शनिवारी पहाटे रॉड घेऊन निघणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे तो आनंद मला चांगलाच कळतो. एवढा मासा ओढून काठाला आणणं ही गंमत नाही.

पण या फोटोंखाली हल्ली मी एक प्रश्न विचारतो, आणि तोच आज तुम्हालाही विचारतो. आपल्या घरी चोणक येतो तो बहुतेक वेळा किलो-दीड किलोचा. रवा लावून तव्यावर भाजायला किंवा हुमणात घालायला तो अगदी योग्य. तो चिरताना त्यात गाबोळी सापडल्याचं कुणाला आठवतं का? घरात आई-आजीला विचारा, बाजारात मासे कापून देणाऱ्या बाईंना विचारा. गाबोळी निघते ती मोठ्या चोणकातच. मोठ्या माशात गाबोळी मोठी, लहानात छोटी, असा हा प्रकार नाही. लहान चोणकात ती जवळजवळ नसतेच. का नसते, ते कळलं की मोठा मासा परत पाण्यात का सोडायचा हेही आपोआप कळतं.

एक मासा, अनेक नावं

आपला चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. पेण-अलिबागकडे खारजमिनीच्या तळ्यांत जिताडा पोसायची जुनी रीत आहे. बंगाल्यांची भेटकी हीच, केरळातला काळांजी हाच आणि ऑस्ट्रेलियातला सुप्रसिद्ध बारामुंडीही हाच. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत हा मासा आढळतो. शास्त्रीय नाव लेटिस कॅल्कॅरिफर.

याचं सगळं आयुष्य गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर जातं. अंडी घातली जातात ती नदीच्या मुखाजवळ, खारं पाणी असतं तिथे, आणि आपल्याकडे साधारण पावसाळ्याच्या सुमारास. अंडं एक मिलिमीटरहूनही लहान असतं आणि एका दिवसाच्या आत फुटतं. भरतीबरोबर पिल्लं आत येतात, खारफुटीच्या मुळांत, चिखलाच्या डबक्यांत, खाजनात शिरतात. तिथे खायला कोळंबीची पिल्लं भरपूर आणि मोठे शत्रू कमी. थोडी मोठी झाली की त्यातली काही नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात जातात आणि अंडी-वीर्य सोडण्याच्या वयात पुन्हा मुखाकडे उतरतात.

म्हणजे गोव्यातल्या चोणकाचं बालपण आपल्या खाजनांवर आणि मानशींवर उभं आहे. बांध फुटला, खारफुटी तोडली, मानशीच्या दारातून पाण्याची ये-जा थांबली, तर त्याचं पाळणाघरच बंद होतं. खाजन वाचवण्याबद्दल गोव्यात बरंच बोललं जातं आणि ते बोललंच पाहिजे. पण पाळणाघर शाबूत असलं तरी त्यात यायला पिल्लं हवीत ना? ती कुठून येतात?

आधी बाप, मग आई

चोणक जन्माला येतो तो जवळजवळ नेहमी नर म्हणून. तीन-चार वर्षांचा झाला की वयात येतो आणि एक-दोन हंगाम किंवा अधिक काळ नर म्हणून वावरतो. पुढे साधारण सहा ते आठ वर्षांचा असताना, लांबी ८० ते १०० सेंटीमीटरच्या घरात गेली की तो मादी होतो. शरीरातली वीर्य तयार करणारी ग्रंथी जाते आणि तिच्या जागी बीजांडकोश तयार होतो. पुढचं सगळं आयुष्य तो मादीच राहतो.

पापुआ न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी १९७० आणि ८० च्या दशकांत हे नीट तपासून मांडलं. काही माशांत अपवाद दिसतात, आणि कोणत्या आकाराला बदल होतो हे पाण्यानुसार थोडं मागेपुढे होतं. पण मुख्य गोष्ट तीच राहते: लहान आणि मध्यम चोणक बहुतेक नर, मोठे चोणक बहुतेक माद्या.

आता तो फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आणा. १४ किलोचा मासा, मे महिन्याची अखेर. ती मादी आहे, अंडी घालण्याच्या तयारीत आहे, आणि हंगामाच्या तोंडावर ती आपल्या रॉडला लागली आहे.

माशाचं वय कानात लिहिलेलं असतं

माशाचं वय कळतं कसं, असा प्रश्न मला ऑफिसात हमखास येतो. उत्तर माशाच्या डोक्यात असतं. माशाच्या अंतर्कर्णात चुन्याचे बारीक खडे असतात. घोळ किंवा ढोमा खाताना डोक्यात पांढरा गुळगुळीत खडा लागतो, तोच हा. तोल सांभाळायला आणि आवाज ऐकायला मासा त्याचा उपयोग करतो. मासा वाढतो तसा या खड्यावर थरावर थर चढतो. वाढीच्या दिवसांतला थर वेगळा दिसतो, मंद दिवसांतला वेगळा. खड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात आणि ती मोजून वय काढतात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही माशाची लॉग फाइल. नोंद एकदा झाली की पुसली जात नाही. त्यातही मजा अशी की त्या थरांतलं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण तपासलं की मासा कोणत्या वयात गोड्या पाण्यात होता आणि केव्हा खाऱ्या पाण्यात उतरला हेही कळतं. ऑस्ट्रेलियात बारामुंडीच्या बाबतीत हे काम बरंच झालेलं आहे. काही मासे लहानपणीच नदीत वर गेले, काही सगळा जन्म खाडीतच राहिले, हे त्या खड्यांनीच सांगितलं.

अशा मोजणीतून दिसतं की चोणक २० वर्षं सहज जगू शकतो, आणि तिशी ओलांडलेले मासेही सापडले आहेत. बारावीला बसलेल्या मुलाहून वयाने मोठा मासा एका दुपारी बर्फाच्या पेटीत जातो, याचा आपण कधी विचारच केलेला नसतो.

वाढ होते कशी

चोणक सुरुवातीला भराभर वाढतो. मत्स्यशेतीत, भरपूर खाद्य मिळालं की पिल्लू साधारण वर्षभरात किलोच्या आसपास पोहोचतं. नदीत स्वतःचं पोट स्वतः भरायचं असतं, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पुढे लांबीची वाढ मंदावत जाते, पण वजन मात्र वाढतच राहतं.

इथे शाळेतलं गणित कामाला येतं. लांबी दुप्पट झाली की उंची आणि जाडीही दुप्पट होते, म्हणून वजन दोनाचा घन, म्हणजे साधारण आठपट होतं. ५० सेंटीमीटरचा चोणक दीड किलोच्या आसपास असतो आणि एक मीटरचा १२ किलोच्या आसपास. फोटोत दुप्पट दिसणारा मासा वजनाने आठपट असतो, आणि तिथवर यायला त्याला कित्येक वर्षं लागलेली असतात.

आता जगण्याचा हिशेब करू. नुसतं समजण्यासाठी धरून चाला की एक वर्षाच्या १,००० चोणकांपैकी दर वर्षी निम्मे कशाने ना कशाने जातात: कुणी खाल्ले, जाळ्यात गेले, आजारी पडले. पहिल्या वर्षानंतर ५००, मग २५०, मग १२५. सात वर्षांनी उरतात जेमतेम आठ. आणि मादी व्हायचं वय तर आता कुठे आलं आहे. मोठी मादी ही अशा चाळणीतून उरलेली असते. तिची जागा भरायची तर पुन्हा पहिल्यापासून आठ वर्षं जावी लागतात.

एक मोठी आणि अठ्ठावीस लहान

ग्रुपवर यावर नेहमी येणारा प्रतिवाद असा: एक १२ किलोची मादी काढली काय आणि तेवढ्याच वजनाचे लहान मासे काढले काय, नदीतून गेलं ते १२ किलोच ना?

नाही. चोणकाच्या बाबतीत तर नाहीच, कारण लहान मासे नर असतात आणि त्यांच्यात अंडीच नसतात. पण जिथे लहान माद्याही अंडी घालतात त्या माशांतही हा हिशेब जुळत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी 'सायन्स' या नियतकालिकात समुद्रातल्या ३४२ जातींच्या माशांचा हिशेब मांडला. त्यातलं अटलांटिक कॉड माशाचं उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ३० किलोच्या एका मादीएवढी अंडी मिळवायला दोन किलोच्या १५ माद्या पुरत नाहीत, २८ लागतात. आणि मोठीची अंडीही अधिक सकस असल्यामुळे अंड्यांतली एकूण ऊर्जा धरली तर हा आकडा ३७ वर जातो. बहुतेक जातींत हेच चित्र दिसलं: आकार वाढतो त्यापेक्षा प्रजननाची ताकद जास्त वेगाने वाढते.

चोणकाच्या मोठ्या मादीच्या बाबतीत एका हंगामात ३ कोटींच्या पुढचे अंड्यांचे आकडे नोंदले गेले आहेत. यातली जवळजवळ सगळी पिल्लं मरतात, म्हणून तर एवढी अंडी घालावी लागतात. पण पावसाळ्यानंतर मानशीच्या आत जी बोटभर चोणकं दिसतात ती अशाच थोड्या माद्यांची देणगी असते.

दोन्ही बाजूंनी मर्यादा

माशांच्या आकाराचा नियम म्हटला की आपल्याला आठवतो तो किमान आकार. केरळने २०१५ मध्ये काही जातींसाठी तो ठरवला, पुढे महाराष्ट्रानेही जातींची यादी काढली. वयात यायच्या आधी मासा पकडू नये हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदीही प्रजननाच्या काळाला सांभाळून घेते, पण ती मुख्यतः ट्रॉलर आणि यांत्रिक होड्यांसाठी आहे. काठावर उभं राहून रॉड टाकणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यायची मर्यादा वेगळीच.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बारामुंडीसाठी दोन्ही टोकांची मर्यादा आहे. ५८ सेंटीमीटरहून लहान मासा सोडायचा आणि १२० सेंटीमीटरहून मोठाही सोडायचा. मधला घरी न्यायचा. लहानाला वयात येऊ द्यायचं, मोठीला अंडी घालू द्यायची. मधल्या आकारात नर पुष्कळ असतात, त्यातले काही नेले तर बिघडत नाही.

आपल्या गरवणाऱ्यांसाठी मी हीच चौकट थोडी कडक करून सुचवतो: ६० ते ८० सेंटीमीटरमधला एखादा घरी न्या, बाकी सोडा. ८० च्या वर मादी व्हायला सुरुवात होते म्हणून रेघ तिथे. ६० ते ८० सेंटीमीटरचा चोणक अडीच ते सहा किलोंचा भरतो. कुठल्याही कुटुंबाला तेवढा पुरतो.

सगळ्या माशांना एकच नियम नाही

हे वाचून कुणी मोठा बांगडा सोडायला जाऊ नये! बांगडा आणि तारली थोडी वर्षं जगणारे, लवकर वयात येणारे मासे. त्यांच्यासाठी हंगाम आणि जाळ्याच्या आसाचा आकार महत्त्वाचा.

टिलापिया तर मुळीच सोडू नका. तो बाहेरून आणलेला मासा आहे आणि आपल्या तळ्यांत, खाजनांत त्याने भलतंच बस्तान मांडलं आहे. गर्दी झाली की तो खुरटतो, पण खुरटलेल्या वयातही पिल्लं काढत राहतो. असे लहान-मोठे जितके काढाल तितकं तळ्याचं भलंच.

गोबऱ्याची गोष्ट चोणकाच्या नेमकी उलटी. तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. सगळे मोठे गोबरे काढले की माद्या राहतात आणि नर कमी पडतात. वाट उलटी असली तरी निष्कर्ष तोच: मोठ्यांना हात लावताना विचार करायचा.

काकांचा मुद्दा

आमच्या शेजारचे काका आयुष्यभर मानशीवर मासे पकडत आले. मी एकदा मोठा चोणक सोडला हे त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बाबा रे, देवाने दिलेलं परत करायला तुला पगार आहे म्हणून जमतं."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला नाही सांगत. आम्हा हौशी लोकांनाच सांगतोय."

मला ते वाक्य अजूनही पटतं. ज्याचं घर मासळीवर चालतं त्याच्यासाठी १० किलोचा चोणक म्हणजे मुलांची फी असते. त्याने तो सोडावा असं सांगण्याचा अधिकार मला नाही. पण रविवारी विरंगुळ्यासाठी रॉड घेऊन निघालेल्या आपल्यासारख्यांना तो माशाचा तुकडा नसला म्हणून काही अडत नाही. आणि आपण सोडलेल्या मादीची पिल्लं पुढे काकांच्याच मानशीत येणार असतात. थोडं थांबून काका म्हणाले, "मोठ्या चोणकाला गाबोळी असते, हे आम्हाला ठाऊकच होतं. फक्त लहानाला का नसते, ते कुणी सांगितलं नव्हतं."

सोडायचा तर नीट सोडायचा

नुसता पाण्यात टाकला म्हणजे सोडला असं होत नाही. दमलेला, हवेत दहा मिनिटं लटकलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने मरतो. आपल्याकडचं पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून काही गोष्टी सवयीच्या करून घ्या:

• दोर आणि रॉड दणकट ठेवा, म्हणजे मासा उगाच अर्धा तास दमत नाही.

• काटे दाबून सपाट केलेला हुक वापरा, किंवा आमिषाला सर्कल हुक लावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही.

• हात ओले करून मगच माशाला धरा. कोरड्या हाताने आणि फडक्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो.

• मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका. पोटाखाली दुसरा हात देऊन आडवा धरा. कल्ल्यांच्या झाकणात बोटं घालू नका. चोणकाच्या त्या झाकणाची कड ब्लेडसारखी कापते, हे तुमच्याही भल्याचं.

• फोटो काढणाऱ्याने मोबाइल आधीच तयार ठेवावा. तुमचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासाही पाण्यात जायला हवा.

• हुक खोल गेला असेल तर ओढाओढ करू नका, जवळून दोर कापा.

• सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा. कल्ले नीट हलू लागले आणि शेपटीने जोर लावला की मगच हात काढा.

बाजारात आणि ताटात

आपल्यापैकी बहुतेक जण गरवत नाहीत, पण मासे सगळेच घेतात. त्यांच्यासाठीही यात काही आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत चोणकाचं प्रजनन करून पिल्लं मिळवली. आज बाजारात येणाऱ्या किलो-सव्वा किलोच्या चोणकांत पैदाशीचे मासे बरेच असतात. विकणाऱ्या बाईंना विचारा, त्या सांगतात. रोजच्या जेवणासाठी तोच घ्या. आणि लग्नाकार्याला 'सगळ्यात मोठा आणा' असं सांगायची आपली जी सवय आहे, ती तेवढी बदला. मोठ्या माशाचं मांस जाडसर आणि राठ होतं, हे चांगलं रांधणारी कुठलीही मावशी सांगेल. चव मधल्या आकारालाच.

आमच्या ग्रुपवर यंदापासून एक साधा प्रकार सुरू केला आहे. फोटो टाकायचा तो मोजपट्टीसह, आणि मासा सोडल्याचा व्हिडिओ असेल तर अंगठे दुप्पट. वजन विचारायचं नाही, लांबी विचारायची, कारण लांबी मोजायला मासा मारावा लागत नाही. दोन-चार जणांनी सुरुवातीला चेष्टा केली. आता तेच नव्या मुलांना विचारतात, "किती सेंटीमीटर? सोडलास ना?"